पुन्हा मांडलेला डाव

एकदा वाचलेली कादंबरी कोणी पुन्हा वाचायला घेतली तर त्याला आपण रसिक म्हणतो. तेच नाटक तिसऱ्यांदा पाहणाऱ्याला दर्दी म्हणतो. पोथीचे पारायण करणाऱ्या आजीला तर ‘यातले सगळे तुला ठाऊकच आहे की’ असे कोणी विचारीत नाही. पण एकदा संपवलेला संगणकावरचा खेळ पुन्हा खेळायला बसलेल्या मुलाला घरात एकच विशेषण मिळते, आणि ते म्हणजे रिकामटेकडा. गेल्या दिवाळीच्या सुटीत हे विशेषण मी तीन आठवडे निमूटपणे धारण केले. त्याचा थोडा खुलासा करावा म्हणून हा लेख. खुलासा सर्वांना पटेलच असे नाही. कारण ज्यासाठी मी तो डाव पुन्हा मांडला ते काही माझ्या हाती लागले नाही. लागले ते वेगळेच.

खेळाचे नाव ‘मास इफेक्ट’. कॅनडातील एडमंटन शहरात बायोवेअर नावाची खेळ तयार करणारी संस्था आहे. तिने २००७ साली याचा पहिला भाग काढला, २०१० साली दुसरा आणि २०१२ साली तिसरा. २०२१ साली तिन्ही भाग घासून-पुसून एकत्र आणले गेले. ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळ इसवी सन २१८३. मंगळावर २१४८ साली एका लुप्त संस्कृतीचे अवशेष सापडतात आणि त्यावरून माणसाला कळते की प्लूटोचा चंद्र कॅरन हा वास्तविक बर्फात गोठलेले एक प्रचंड यंत्र आहे. अशा यंत्रांच्या साहाय्याने एका तारकासमूहातून दुसऱ्यात क्षणात जाता येते. माणूस बाहेर पडतो, तो तेथे आधीच जग भरलेले! हजार वर्षे जगणाऱ्या असारी, जेमतेम चाळीस वर्षे जगणारे बुद्धिमान सलॅरियन, शिस्तीचे कडवे टुरियन, आणि ज्यांची संख्या वाढू नये म्हणून ज्यांच्यात मुद्दाम रोग पसरवला गेला ते क्रोगन. या सर्वांच्या पंगतीत माणूस सर्वांत शेवटी येऊन बसलेला पाहुणा आहे. पान वाढले जाईल की नाही, याचीच त्याला चिंता.

आपण असतो कमांडर शेपर्ड. नॉर्मंडी नावाचे जहाज, हाताखाली निरनिराळ्या वंशांचे सोबती, आणि सारेन नावाच्या एका फितूर टुरियनाचा पाठलाग. लढाया आहेतच, पण या खेळाचा जीव लढायांत नाही, बोलण्यात आहे. समोरचा बोलला की पडद्यावर एक चक्र उमटते आणि त्याच्या आऱ्यांवर आपली संभाव्य उत्तरे लिहिलेली असतात. वरच्या बाजूला बहुधा सौम्य उत्तर, खालच्या बाजूला कठोर. सौम्य वागल्यास निळे गुण मिळतात, कठोर वागल्यास तांबडे. पहिल्या भागात जे केले ते दुसऱ्यात पुढे येते, दुसऱ्यातले तिसऱ्यात. मेलेला मेलेलाच राहतो.

मी नववीत असताना मामेभावाच्या संगणकावर हा खेळ पहिल्यांदा खेळलो. कसा खेळलो ते आता सांगायला संकोच वाटतो. मी मुनीमजीसारखा खेळलो. कोणी काय म्हणते आहे हे पुरते ऐकण्याआधीच माझा हात चक्राच्या वरच्या टोकाकडे जाई, कारण निळे गुण वर असतात. विशेषतः दुसऱ्या भागात हे गुण पुरेसे साठले नसतील तर अवघड प्रसंगी उपयोगी पडणारी उत्तरे खुलीच होत नाहीत. तेव्हा मी चांगुलपणा पोस्टातल्या आवर्ती ठेवीसारखा साठवीत गेलो. काही बिघडले, एखादा सोबती दुखावला, की जपून ठेवलेल्या मागच्या टप्प्यावर परतायचे आणि तो प्रसंग पुन्हा घडवायचा. माझा शेपर्ड अत्यंत सज्जन होता. त्याने कोणाचेही काहीही ऐकले नव्हते.

त्या जहाजावर अ‍ॅशली विल्यम्स नावाची एक सैनिक आहे. ईडन प्राइम या वसाहतीवर तिची सगळी तुकडी कापली जाते आणि ती एकटी उरते; तेथून ती आपल्याबरोबर येते. टुरियन व क्रोगन सोबती जहाजावर येऊ लागतात तेव्हा ती शेपर्डला बजावते की या परक्यांना असे मोकळे फिरू देऊ नये. मला एवढे पुरे झाले. हिच्या मनात परक्यांविषयी अढी आहे, अर्थात ही कोत्या मनाची बाई, असा निकाल मी त्याच क्षणी दिला. त्यानंतर जहाजाच्या तळमजल्यावर, जेथे ती बंदुका पुसत उभी असते, तेथे मी फारसा गेलोच नाही.

पुढे व्हर्मायर नावाचा ग्रह येतो. तेथे सारेनचा तळ उडवायचा असतो. त्यासाठी दोन माणसे दोन ठिकाणी ठेवावी लागतात : एक सलॅरियन तुकडीबरोबर, दुसरे बॉम्बपाशी. एका जागी अ‍ॅशली, दुसऱ्या जागी केडन अलेन्को हा दुसरा मनुष्य-सोबती. आणि मग दोन्हीकडून एकाच वेळी मदतीची हाक येते. एकाकडेच जाता येते. येथे गुण कामाला येत नाहीत, गोड बोलणे चालत नाही, कितीही मागे जाऊन पुन्हा आलो तरी दोघे वाचत नाहीत. मी केडनकडे गेलो. जाताना मनात शंका आली नाही, हे मला आज स्पष्ट आठवते. परीक्षेत सोपा प्रश्न आल्यावर वाटते तसे वाटले.

पुढे कितीएक वर्षे हा विषय डोक्यात नव्हता. मग गेल्या वर्षी उपाहारगृहात एके दिवशी गोष्ट निघाली. याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा माझा एक वर्गमित्र आहे. त्यानेही हा खेळ शाळेत असताना खेळलेला. ज्याने ‘मास इफेक्ट’ खेळले आहे तो दुसऱ्याला पहिला प्रश्न कोणता विचारणार हे ठरलेले असते. ‘यारन्न बिट्टी?’ त्याने विचारले. कोणाला सोडलंस? मी सांगितले, अ‍ॅशलीला. त्यात विचार करण्यासारखे काय होते?

तो म्हणाला, ‘मी तिला वाचवलं.’

त्याची हकीकत माझ्याहून बिकट होती. व्हर्मायरवरच, या निवडीच्या थोडे आधी, रेक्स हा क्रोगन सोबती शेपर्डवर बंदूक रोखतो. कारण उडवायच्या त्या तळावर त्याच्या जातीच्या रोगावर उपाय सापडलेला असतो. माझ्या खेळात रेक्स समजुतीला आला होता. याच्या खेळात समजूत फसली आणि अ‍ॅशलीने रेक्सला गोळी घातली.

‘आणि तरी तू तिला वाचवलंस?’

‘अरे, बंदूक माझ्यावर होती. ती घाबरली. तिच्याशी तू कधी बोललास तरी का? खाली जाऊन?’

बोललो नव्हतो. हेच ते कारण, ज्यासाठी मी दिवाळीत डाव पुन्हा मांडला. स्वतःला दोन नियम घालून घेतले. एक, प्रत्येक मोहिमेनंतर जहाजाचे सर्व मजले फिरायचे आणि प्रत्येकाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकायचे. दोन, मागे फिरायचे नाही. जे झाले ते झाले. आणि मनात तिसरा, न लिहिलेला नियम : या खेपेला अ‍ॅशलीला वाचवायचे. म्हणजे झाली चूक दुरुस्त करायची.

तळमजल्यावर उभी असलेली ती सैनिक जे सांगते ते असे. माणूस नुकता ताऱ्यांत शिरला होता तेव्हा त्याने नियम ठाऊक नसताना एक बंद पडलेले प्रवासयंत्र चालू करायला घेतले. टुरियनांच्या दृष्टीने हा कायदेभंग. त्यांनी हल्ला केला. साल २१५७. शान्शी नावाची मानवी वसाहत वेढली गेली, रसद तुटली, आणि तिथल्या सेनापतीने शरणागती पत्करली. परक्या वंशासमोर शस्त्र ठेवणारा तो पहिला मनुष्य-सेनापती, आणि तो अ‍ॅशलीचा आजा. तेव्हापासून विल्यम्स हे आडनाव सैन्यात बाटलेले आहे. बापाला बढती नाही. हिला चांगली नेमणूक नाही. कोठल्या तरी कोपऱ्यातल्या पहाऱ्यावर पाठवायचे, एवढेच. घरी तीन धाकट्या बहिणी. देवावर तिची श्रद्धा आहे आणि त्याचे तुम्हाला वावडे नाही ना, असे ती जरा चाचरत शेपर्डला विचारते. टेनिसनच्या कविता तिला पाठ आहेत. ज्या बाईला मी एका वाक्यावर निकालात काढले होते तिच्या मागे एवढे घर उभे होते.

तिचा संशय यामुळे योग्य ठरतो असे नाही. तो अन्यायाचाच आहे, आणि खेळही त्याला योग्य म्हणत नाही. परंतु तो कोठून आला हे कळल्यावर त्याला उत्तर देण्याची माझी रीत बदलली. पहिल्या खेपेला मी तिला निळे उपदेश केले होते. या खेपेला पुष्कळदा प्रश्न विचारणारे मधले उत्तर निवडले, ज्याला गुण मिळत नाहीत.

यात एक तपशील असा आहे की तो वाचून मी बराच वेळ थांबलो. त्या लढाईला माणसे ‘प्रथम संपर्काचे युद्ध’ म्हणतात. टुरियन त्याच लढाईला ‘रिले ३१४ ची घटना’ म्हणतात. एकाच्या लेखी घराण्याचे नाव बुडवणारे युद्ध, तर दुसऱ्याच्या दप्तरी एका क्रमांकाची नोंद. आपल्या भागात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. २०१४ साली आमच्या गावाच्या पाट्या बदलल्या. पण त्याआधीही, आणि त्यानंतरही, गावाचे नाव कोण कसे उच्चारतो यावरून त्याचा पक्ष, त्याचे घर, त्याचे मन सगळे ओळखल्याचा आव आपण आणतो. एक शब्द ऐकला की पुढचे ऐकायचे कारण उरत नाही. बसमध्ये, कार्यालयाच्या खिडकीशी, वर्गातसुद्धा. मी स्वतः असे निकाल दिले आहेत. माझ्याविषयीही दिले गेले असतील. कन्नड विभागातल्या मित्राचे आणि माझे पहिले वर्ष एकमेकांशी न बोलता गेले त्याचे कारण यापेक्षा मोठे नव्हते.

आता दुसऱ्या बाजूचे सांगतो. मजले फिरायचे ठरले होते, म्हणून केडनकडेही गेलो. पहिल्या खेपेला मी त्याला वाचवले होते. त्याला मी ओळखतो असेच मला वाटत होते. पण तोही ‘अ‍ॅशली नव्हे तो’ एवढ्याच ओळखीचा होता. त्याच्या डोक्यात शक्तिवर्धक यंत्राची जुनी तऱ्हा बसवलेली आहे आणि तिच्यामुळे त्याला असह्य डोकेदुखी होते. लहानपणी त्याला सूर्यमालेच्या टोकाच्या एका तळावर शिकायला ठेवले होते. तिथला शिक्षक टुरियन होता आणि क्रूर होता. त्या शिक्षकाने एका मुलीचा हात मोडला तेव्हा केडनच्या हातून तो मारला गेला. नंतर ती मुलगीच केडनला भिऊ लागली. टुरियनाकडून प्रत्यक्ष भोगले ते केडनने, अ‍ॅशलीने नव्हे. आणि तरी त्याने काढलेला निष्कर्ष एवढाच, की ते लोकही आपल्यासारखेच. काही भले, काही नीच.

अशा तयारीने मी दुसऱ्यांदा व्हर्मायरवर उतरलो. रेक्सने बंदूक रोखली. पण त्याच्या पूर्वजांचे चिलखत मी आधी शोधून दिले होते, तेवढ्या आठवणीवर त्याने ती खाली केली. मग नेमणुका. केडनला सलॅरियनांबरोबर धाडले, अ‍ॅशलीला बॉम्बपाशी ठेवले. दोन्हीकडून हाक आली आणि मी ठरल्याप्रमाणे अ‍ॅशलीकडे गेलो.

समाधान वाटेल अशी माझी कल्पना होती. ते वाटले नाही. चूक दुरुस्त झाली नव्हती. ती एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली होती. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. दोन्ही वेळा मी बॉम्बकडेच गेलो होतो. दोन्ही वेळा मनाला सांगितले की बॉम्ब राखणे हे कर्तव्य आहे, माणूस कोण हा प्रश्न दुय्यम. पण बॉम्बपाशी कोणाला ठेवायचे हे थोड्या वेळापूर्वी मीच ठरवले होते, तेही अगदी सहज. खरी निवड तेव्हाच होऊन गेली होती. पडद्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न आला तोवर उत्तर देऊन झालेले होते. जगातही बहुधा असेच होत असावे. मोठा प्रसंग येतो तेव्हा आपण विचारात पडल्यासारखे दाखवतो, पण कोणाशी बोलायचे आणि कोणाच्या मजल्यावर जायचेच नाही, हे आधीच्या किरकोळ दिवसांत ठरून गेलेले असते.

या खेळाची मी एवढी तरफदारी करतो, म्हणून त्याचे दोषही सांगायला हवेत. पहिला दोष म्हणजे ते निळे-तांबडे गुण. सद्‍वर्तनाला दरवेळी रोख बक्षीस दिले की ते सद्‍वर्तन राहत नाही, सौदा होतो. ज्यांनी व्हर्मायरचा प्रसंग लिहिला त्यांनाच हे कळले नसेल असे वाटत नाही. कारण त्यांनी तेथे गुणांची मात्रा चालू दिलेली नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग आजवर लोकांच्या लक्षात राहिला. दुसरा दोष, परिणामांची टाळाटाळ. पहिल्या भागात रॅक्नाय नावाच्या कीटकवंशाची शेवटची राणी आपल्या हाती सापडते. मारायचे की सोडायचे, म्हणजे एक अख्खी जात जगू द्यायची की नाही, हे आपण ठरवतो. आणि तिसऱ्या भागात, तिला मारले असले तरी, तिच्या जागी शत्रूने बनवलेली एक नकली राणी उभी करून जवळपास तीच मोहीम पुढे सरकते. हे फसवणुकीसारखे वाटते. तिसऱ्या भागाचा शेवट तर २०१२ साली इतका वादग्रस्त ठरला की त्याच वर्षी जूनमध्ये बायोवेअरला तो वाढवून, समजावून, विनामूल्य पुन्हा द्यावा लागला. तिन्ही खेळांतल्या शेकडो निर्णयांची बेरीज अखेर जवळजवळ एकसारख्या देखाव्यांत व्हावी, याचा राग येणे स्वाभाविक होते. मला स्वतःला शेवटाचा तितका राग येत नाही. शंभरेक तास ज्यांच्यासोबत काढले, त्या सोबत्यांची किंमत शेवटच्या दहा मिनिटांवर ठरवू नये.

एक बारीक तक्रार नव्या आवृत्तीविषयी आहे. जुन्या खेळात सिटाडेल या महानगरीतल्या लिफ्ट फार सावकाश चालत. पुढचा भाग संगणकात भरला जाईपर्यंतचा वेळ काढण्याची ती युक्ती होती, आणि लोक तिला हसत. पण त्या लिफ्टमध्ये उभे असताना सोबती आपापसांत बोलत. नव्या आवृत्तीत तो वेळ कमी झाला आहे आणि हवे तर कळ दाबून टाळताही येतो. मी सवयीने दोनदा ती कळ दाबली आणि मग ओशाळलो. ऐकायचे ठरवून आलो होतो ना?

तिसऱ्या भागात अ‍ॅशली पुन्हा भेटली. परक्यांवर भरवसा न ठेवणारी ती मुलगी अखेर त्याच परक्यांच्या महामंडळाची विशेष हस्तक नेमली जाते. बाटलेल्या आडनावाला तेवढा मान मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला. पहिल्या खेपेला हे घडू शकते याचा मला पत्ताही नव्हता, कारण मी तिला त्याआधीच सोडून दिले होते. आणि नॉर्मंडीच्या आतल्या भिंतीवर, जेथे गेलेल्यांची नावे कोरलेली आहेत, तेथे या खेपेला अलेन्को हे नाव होते. त्या भिंतीसमोरून जाताना मी दर वेळी थांबत असे. तेथे दाबायला कळ नाही आणि मिळायला गुण नाहीत.

तेव्हा घरच्यांना माझे सांगणे एवढेच, की पुन्हा खेळणे म्हणजे झालेले पुसणे नव्हे. तसे पुसता येते असे समजूनच मी बसलो होतो आणि ते खोटे ठरले. पुन्हा खेळताना निर्णय अधिक बरोबर होतात असेही नाही. फरक पडतो तो ऐकण्यात. पहिल्या खेपेला आपण स्वतःलाच पाहत असतो. मी किती शूर, मी किती सज्जन. दुसऱ्या खेपेला गोष्ट ठाऊक असते, जिंकण्याची घाई नसते, आणि मग इतर माणसे ऐकू येऊ लागतात. चांगले पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना याहून निराळे काय होते? माझ्या मते या बाबतीत खेळ एक पाऊल पुढे आहे, कारण पुस्तकात न ऐकल्याचा दोष आपल्यावर येत नाही. येथे येतो.

सुटी संपल्यावर उपाहारगृहात मित्राला सगळे सांगितले. केडनविषयी मी सांगितलेले त्याला नवीन होते. तो त्याच्याशी फारसा बोललाच नव्हता म्हणे! थोडा वेळ गप्प राहिला आणि मग हसू लागला. त्या खेळात मराठी नाही आणि कन्नडही नाही. आम्ही दोघांनी तो इंग्रजीत खेळला आणि एकमेकांना अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडात सांगितला. त्याच्या विश्वात रेक्स मेला आहे आणि क्रोगनांची सूत्रे त्याच्या सूडबुद्धीच्या भावाकडे गेली आहेत. माझ्या विश्वात रेक्स जिवंत आहे. एकाच गोष्टीचे हे दोन इतिहास, आणि दोन्ही खरे. त्यांवर आम्ही तासभर भांडलो आणि चहाचे पैसे कोणी द्यायचे हे शेवटी ठरलेच नाही.

आता तो या सुटीत डाव पुन्हा मांडणार आहे. त्याच्या घरी कानडीत रिकामटेकड्याला काय म्हणतात ते त्याने मला सांगितले आहे. पण ते या विभागात छापण्याजोगे नाही.